पाव उणे

शिवानी मॅडमला या सगळ्या उठाठेवीतून मिळणार होता अर्धा तास. बाकीच्यांची कमाई मोठी होती. आमचे मुख्याध्यापक हणमंतराव यांना प्रमाणपत्र मिळणार होतं, शिवाय मोठ्या साहेबांच्या खांद्याला खांदा लावून फोटो. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला फोटोची फार ओढ असते. मला मिळणार होता ऑन ड्यूटी एक दिवस आणि लातूरचं जेवण. बदल्यात मी कासरा उचलून न्यायचा होता. त्यात कासरा साहेबरावांचा, म्हणजे माझा तो निव्वळ नफाच.

कासरा म्हणजे बैलाला हाकताना हातात धरतात तो लांब दोर. साहेबरावांचा नातू आमच्याकडं पाचवीत. मॅडमनी दोर मागितला तेव्हा साहेबरावांनी नवाकोरा काढून दिला आणि वर विचारलं, “पोरं बांधून ठिवताव का काय मॅडम?”

“पोरं न्हाई, अपूर्णांक बांधायलेय,” मॅडम म्हणाल्या.

“मंग आवळून बांधा. लई सुटतेत ते. आमचे तर सुटले ते सुटलेच.”

मुखेडच्या आतल्या बाजूला आमची वाडी आहे. इथल्या पोरांना अपूर्णांक येत नाहीत असं म्हणणाऱ्यानं त्यांना एकदा दुकानात पाठवून बघावं. पाव किलो शेंगदाणे, आदपाव चहापत्ती, चतकोर भाकर, पाऊण तासानं येणारी बस. यात त्यांना कुणी फसवू शकत नाही. घोडं अडतं ते टिंबाजवळ. पाऊण म्हणा, लगेच हात वर होतो. फळ्यावर ०.७५ लिहा, वर्गात स्मशानशांतता. शून्य पूर्णांक नऊ मोठं का शून्य पूर्णांक दहा मोठं, असं विचारलं की अख्खी पाचवी एका सुरात “दहाऽऽ” म्हणायची. नवापेक्षा दहा मोठे, हे त्यांच्या आज्यानं सांगितलेलं. टिंबासाठी ते आज्याला खोटं पाडायला तयार नव्हते.

म्हणून कासरा. झेंड्याच्या खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तो ताणला. खांबाकडं शून्य, टाकीकडं एक. मध्ये सारख्या अंतरावर लाल दोऱ्याच्या खुणा, एकाचे दहा भाग. पोरांच्या हातात कपडे वाळवायचे चिमटे, प्रत्येकावर एक आकडा चिकटवलेला. आपापला आकडा त्याच्या जागी लावायचा. दोन खुणांच्या मधल्या जागेसाठी कागदाची पट्टी, तिचे परत दहा भाग. शून्य पूर्णांक दहाचा चिमटा घेऊन एक पोरगी नवाच्या पुढं पळत गेली. पट्टीनं मोजत मोजत ती परत आली आणि एकदम खांबाजवळ, पहिल्या खुणेवर येऊन उभी राहिली.

“मॅडम, ह्ये तर नुसतं एक हाय की! उगं शून्य लावून मोठं दिसायलंय.”

“हाव. माणसात बी अशे असतेत,” मॅडम म्हणाल्या. माझी नजर हणमंतरावांकडं गेली. ते झेंड्याकडं बघत होते.

एक बारीक गोष्ट त्या दिवशी घडली. तिची नोंद घेणारा मी एकटाच होतो. पोरांनी विचारलं, “मॅडम, शून्य म्हंजे आपलं मुखेड धरू. मंग एक म्हंजे कोन्तं गाव?”

शाळा नांदेड जिल्ह्यातली. पगार नांदेडहून, साहेब नांदेडला. कुणीही नांदेड म्हणालं असतं. मॅडम श्वासही न घेता म्हणाल्या, “लातूर.”

मग काय, पोरांनी कासऱ्यावर बसच सोडली. जांब शून्य पूर्णांक दोनला लागलं, शिरूर ताजबंद चारला, चाकूर सहाला. त्यांचे मामा-मावश्या त्याच रस्त्यावर पेरलेले, त्यामुळं अंदाज फारसा चुकला नाही. “मॅडम, चाकूरच्या पुढं दशांश किती राहिलं?” असं कुणी विचारलं की मॅडम टाकीकडच्या टोकाला बघून उत्तर द्यायच्या. त्या टोकाला त्यांची शांभवी होती.

शांभवी त्यांची एकुलती एक. तीही पाचवीत, पण लातूरच्या एका बड्या निवासी शाळेत, इंग्रजी माध्यमात. नवरा रुद्रेश निलंग्याला, त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. मॅडम मुखेडला खोली करून. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज दर वर्षी जायचा आणि दर वर्षी अर्जच राहायचा. त्यामुळं एका घराला तीन गावं लागत होती. लेकीला भेटायचं महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, तेही तिथल्या हॉलमध्ये, सगळ्या आयाबापांच्या गर्दीत. फोन बुधवारी संध्याकाळी. आम्ही तेव्हा फाट्यावर जीपची वाट बघत उभे असायचो, म्हणून अर्धा फोन आमच्याही वाट्याला यायचा. मॅडम मुद्दाम स्पीकर लावायच्या.

“मम्मी, थ्री बाय फोर म्हणजे झीरो पॉइंट सेव्हन फाइव्ह. सगळ्यांच्या आधी माझा हात वर होता.”

“ऐका सर,” मॅडम मला म्हणायच्या. “आपल्या पोरांच्या दोन वर्षं पुढं हाय.”

मी मान डोलवायचो. मान डोलवायला खर्च येत नाही.

या हुशारीची मॅडमनी घरी फार राखण केली होती. रुद्रेश हाडाचे दुकानदार. त्यांच्या तोंडात सव्वाशेचं पातेलं, दीडशेचा तांब्या, पावणेदोनशेची कढई. सुट्टीत पोरगी घरी आली की मॅडम डोळे वटारायच्या: “पोरीसमोर एकशे पंच्याहत्तर म्हणा की हो. तिथं तिचा गोंधळ हुईल.” रुद्रेश हसायचे. म्हणायचे, “तू वाडीतल्या पोरांला पाऊण शिकिवती आणि माझ्या पोरीपासून लपिवती. असं कोन्तं पाप केलंय गं पाऊणनं?” पण बायकोपुढं आणि गिऱ्हाइकापुढं ताणायचं नाही हा त्यांचा नियम होता. ते एकशे पंच्याहत्तर म्हणू लागले.

तर कासऱ्याची बातमी केंद्रप्रमुखांमार्फत वर गेली. वरून सांगावा आला, दोन जिल्ह्यांतल्या शिक्षकांसमोर हा पाठ प्रत्यक्ष घेऊन दाखवा. मॅडमनी आधी हात जोडले. “नको सर. पोरं शिकली, बास झालं.” हणमंतरावांचा चेहरा पडला, फोटो हातचा जात होता. मग त्यांनी चष्मा लावून कागद पुढं वाचला. ठिकाण होतं लातूर, शांभवीच्याच शाळेचं सभागृह.

“द्या इकडं तो कागद,” मॅडम म्हणाल्या. ठिकाणाची ओळ त्यांनी बोटानं वाचली, पहिलीतली पोरं वाचतात तशी. “जाऊ सर. चांगल्या कामाला न्हाई म्हणू नये.”

वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना त्यांनी तीनदा फोन केला. दुसऱ्या रविवारशिवाय भेट नाही, नियम म्हणजे नियम. शेवटी बाई एवढंच म्हणाल्या की पाऊण तासाच्या मधल्या सुट्टीत अर्धा तास गेटजवळ भेटा, गेट सोडून कुठं न्यायचं नाही, वेळ तुम्हीच मुलीला कळवा. पाठ बारा वाजता होता, पण असले कार्यक्रम अर्धा तास उशिराच सुरू होतात हे सरकारी नोकरीत सगळ्यांना पाठ असतं. मॅडमनी हिशोब बसवला. मधली सुट्टी लागल्या लागल्या गेटवर, सव्वाबारापर्यंत लेक, साडेबाराला पाठ.

बुधवारी फाट्यावर स्पीकरवरच ठरलं.

“शांभवी, शुक्रवारी गेटवर यायचं. पावणेबाराला. ऐकलंस? पावणेबारा.”

“हो मम्मी. पावणेबारा. गेट.”

“परत म्हण.”

“पावणेबारा, पावणेबारा, पावणेबारा. मम्मी, मी तुला माझा हाऊसचा बॅज दाखवीन.”

फोन बंद झाल्यावरही मॅडम थोडा वेळ तो कानाजवळच धरून उभ्या होत्या. जीप आली, गेली. आम्ही दुसरीनं गेलो.

शुक्रवारी लातुरात पोचलो तेव्हा मॅडमच्या पिशवीत चिमटे होते, पट्ट्या होत्या, आणि तळाशी स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या. डबा रुद्रेशनी दुकानातला नवा दिला होता. गेटवर मडिवाळप्पा नावाचा म्हातारा वॉचमन होता, सीमेकडचा, कानडी हेलाचा. मॅडमनी पावणेबाराच्या ठोक्याला गेटजवळच्या बाकड्याचा कोपरा धरला. आतून मधल्या सुट्टीची घंटा झाली. मैदानावरून पोरांचा लोंढा मेसकडं निघाला. मॅडम उभ्या राहिल्या. लोंढा संपला. मॅडम उभ्याच.

“बसा की अम्मा,” मडिवाळप्पा म्हणाला. “येतंय लेकरू. जेवायची लाईन मोठी असतंय.”

“ती जेवायला न्हाई थांबायची. मी येणार म्हणून माहिती हाय तिला.”

डब्याचं झाकण त्या उघडून बघत, परत लावत. आणि नेमकं त्या दिवशी, नोकरीत मी पहिल्यांदाच बघितलं, कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. साहेबांना पुढं दुसरीकडं जायचं होतं. हणमंतराव धोतराचा सोगा धरून पळत आले.

“मॅडम, चला! साहेब बसलेत. पहिलं नाव आपलंच.”

“सर, पाच मिनिटं. लेकरू यायलंय.”

“अहो पाठ झाल्यावर भेटा की दिवसभर! साहेब घड्याळ बघून ऱ्हायलेत.”

बारा वाजले होते. मॅडमनी मैदानाकडं एकदा बघितलं, डबा बाकड्यावर ठेवला, मडिवाळप्पाला म्हणाल्या, “मामा, आली तर द्या. आणि थांब म्हणा.” आणि आत आल्या.

सभागृहात खुर्च्या भरलेल्या. पाठासाठी त्याच शाळेतली सहावीची पोरं बसवली होती, टाय लावलेली. कासऱ्याचं शून्याचं टोक माझ्या हातात, दुसरं मॅडमच्या. इथं भिंतीला काही बांधायची परवानगी नव्हती. या वेळी कासरा दोनपर्यंत आखला होता, मध्ये एक. पाठ चांगला चालला. ही पोरं टिंबात पटाईत. शून्य पूर्णांक दहाला कुणी फसलं नाही. चिमटे पटापट लागत होते, साहेब मान हलवत होते, हणमंतराव साहेबांची मान मोजत होते. मॅडमची नजर मात्र पोरांवरून खिडकीवर, खिडकीवरून घड्याळावर. खिडकीतून गेट दिसत नव्हतं, गेटाकडं जाणारा रस्ता तेवढा दिसत होता.

मग त्यांनी वाडीतल्यासारखाच प्रश्न टाकला. “आता मला पाऊण दाखवा बरं.”

कुणाचा हात वर नाही. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक जण हळूच म्हणाला, “पाहुणा?” हशा पिकला. मॅडमही हसल्या. “पाऊण रे. रोज ऐकता की. पावणेतीन, पावणेचार. त्यातला पाऊण.”

समोरचा एक चुणचुणीत पोरगा उठला. “टीचर, पाव म्हणजे क्वार्टर ना?”

“बरोबर.”

“मग आय नो.” त्यानं चिमटा घेतला, एकाची खूण ओलांडली आणि पुढं, सव्वाच्या जागी लावला. “पावणे वन. वन अँड अ क्वार्टर. वन पॉइंट टू फाइव्ह.”

मी दुसऱ्या टोकाला होतो, म्हणून मला स्पष्ट दिसलं. मॅडमचा चेहरा असा झाला जणू कुणी त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं. त्यांनी त्या चिमट्याकडं बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. सव्वाबारा होऊन गेले होते, साडेबारा व्हायला थोडा वेळ होता.

त्या दाराकडं निघाल्या. दोन पावलं. पण कासऱ्याचं टोक मुठीत होतं. दोर ताणला, चिमटे थरथरले, एक-दोन खाली पडले. पोरं खिदळली. अख्खं सभागृह बघत होतं. साहेब बघत होते, हणमंतराव अर्धे उठलेले. मी टोक ढिलं सोडलं. सोडलं म्हणजे काय, दोन पावलं पुढं झालो. त्या माझ्याकडं बघत होत्या पण मी दिसत नसेन. दोर खाली टाकला असता तर त्या गेटवर पोचल्या असत्या. असा दोर टाकायला आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

त्या मागं आल्या. दोर परत ताणला.

“पाव... उणे,” त्या म्हणाल्या. आवाज खाली गेला होता, मागच्या रांगेला ऐकू गेला नसेल. “पाऊण म्हंजे पाव उणा. एक व्हायला पाव कमी. पुढं न्हाई बाळा, मागं. मागं ये.”

पोरगा चिमटा घेऊन मागं आला, एकाच्या अलीकडं, साताच्या आणि आठाच्या खुणेच्या मध्ये. बाहेर मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली.

साहेबांनी नंतर भाषणात त्या दोन पावलांचं फार कौतुक केलं. म्हणाले, “उत्तर चुकलं तेव्हा मॅडम लगेच बोलल्या नाहीत. मुलांना विचार करायला शांतता दिली. ही शांतता प्रशिक्षणात शिकवता येत नाही.” टाळ्या झाल्या. बऱ्याच जणांनी ‘शांतता’ लिहून घेतलं.

मॅडम प्रमाणपत्राला थांबल्या नाहीत. ते हणमंतरावांनी घेतलं, फोटोही त्यांचाच निघाला. मी कासरा गोळा करायला लागलो तर संयोजकांनी हात धरला: नमुना म्हणून इथंच राहू द्या. साहेबरावांना काय सांगायचं हा विचार करत मी गेटवर गेलो.

मॅडम आधीच तिथं उभ्या होत्या. डबा बाकड्यावर नव्हता.

“आली हुती की अम्मा,” मडिवाळप्पा सांगत होता. “जेवून, दोन वेण्या घालून, छातीला बिल्ला लावून. सव्वाबाराला. मी म्हटलं, तुझी अम्मा पावणेबारापासून उभं होतं गं, आत्ता आत गेलं. ती घड्याळ दावतंय मला. म्हणतंय, मामा, मी करेक्ट आले, बारा आणि क्वार्टर. मी म्हटलं, जा मग त्या हॉलात. न्हाई म्हणाली.”

“का?”

“म्हणाली, परमिशन गेटचीच हाय. लई गुणाचं लेकरू. डबा मांडीवर धरून बसलं हितंच. घंटा झाल्यावर उठलं.”

“काय म्हणाली जाताना?”

मडिवाळप्पानं डोक्यावरची टोपी सारखी केली. “काय न्हाई. डबा उघडून एक पोळी मला दिलं.”

रेक्टरबाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. पण वर्गाची चाचणी चालू झाली होती, मग जादा तास, मग अभ्यासिका. आणि एकीला सोडलं की सगळ्यांच्या आया उद्या गेटवर. एवढं मात्र केलं, मॅडमना वर्गाच्या व्हरांड्यातून जाऊ दिलं. न थांबता, न बोलता. खिडकीतून शांभवी दिसली म्हणे. मान खाली, लिहीत होती. एक वेणी दुसरीपेक्षा वर बांधली गेली होती, हाताला सवय नसली की होते तशी. बाकाखाली पायांमध्ये डबा. मॅडम सगळ्या नियमानं चालत गेल्या. चप्पल वाजू नये म्हणून त्यांनी ती हातात घेतली होती.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. चाकूर गेलं तेव्हा मला सवयीनं तोंडात आलं, “शून्य पूर्णांक सहा.” मी जीभ चावली. त्या बाहेर बघतच म्हणाल्या, “इकडून मोजलं तर चार, सर.”

बुधवारी फाट्यावर फोन वाजला तेव्हा त्यांनी स्पीकर लावला नाही. पण फाट्यावर वारा पडलेला होता, आणि लेकरांचा आवाज फोनमध्ये मावत नाही.

“मम्मी, मी आले होते.”

“माहितीय राणी.”

“मी टाइमवर आले होते. ट्वेल्व्ह फिफ्टीन. तूच गेली होतीस.”

“हो गं. मीच गेले.”

“मला वाटलं, तू शिकवायला आलीस. माझ्यासाठी नाही.”

मॅडम आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. हणमंतराव एकाएकी लांबच्या बाभळीकडं बघायला लागले. मीही बाभळच बघितली.

“शांभवी, ऐक. म्हण माझ्यामागं. पाव.”

“पाव. क्वार्टर.”

“अर्धा. पाऊण.”

“पाऊण किती?”

“थ्री बाय फोर. झीरो पॉइंट सेव्हन फाइव्ह.”

“मग तसंच म्हणायचं ना! माझ्या सगळ्यात आधी लक्षात आलं असतं.”

“हो. चुकलं माझं. पावणेबारा म्हंजे पाव उणे बारा. क्वार्टर टू.”

“उणे म्हणजे?”

मॅडमना हे वाडीतल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. “उणे म्हंजे... व्हायला पाहिजे, अजून झालं न्हाई.”

तिकडं हिशोब जुळला. मग, “म्हणजे मी तेव्हा लाइनमध्ये होते. मेसच्या. जेवायला धपाटे होते असं मला तुला खोटं सांगायचं होतं, खरं तर भेंडीच होती.” मग लगेच, “सेकंड संडेला किती वाजता येशील?”

“दहाला.”

“पावणे-बिवणे नाही ना? नुसतं दहा?”

“नुसतं दहा.”

आता हिशोब मिटवून टाकतो. प्रमाणपत्र हणमंतरावांच्या खुर्चीमागं काचेत लागलं. कासरा लातूरला राहिला, आता तिकडच्या शाळाशाळांतून फिरतो, कुणाच्या तरी दुसऱ्याच नावानं. साहेबरावांचा बैल जुन्या दोरावर आहे आणि ते मला भेटले की विचारतात, “गुरुजी, अपूर्णांक पळाले जनू दोर घिऊन?” माझं जेवण झालं. रुद्रेश आता दुकानात पोरीसमोर बिनधास्त पावणेदोनशे म्हणतात.

राहिला अर्धा तास. तो ठरल्याप्रमाणं गेटवर पुरा भरला गेला. पाव तास आईनं भरला, पाव तास लेकीनं. दोघींच्या मध्ये जो पाव राहिला तो कुणाच्याच खात्यावर लागत नाही.